सीटखाली उगवलेली ज्वारी

काहीतरी बिनसलंय हे मला पहिल्यांदा जाणवलं ते एका कोंबामुळे. माझ्या डाव्या सीटच्या मागे, गालिचा जिथं पत्र्याला भिडतो त्या फटीतून, एका सकाळी तो वर आला. बोटभर लांब, पिवळसर, मान वाकवलेला. मी दचकले. लोखंडाच्या अंगात कुठं काही उगवतं का?

मी एक मोटार बोलतेय. दोनच सीटांची, गडद निळी, कापडी टपाची. टप मागं दुमडला की डोक्यावर थेट आभाळ. उंचीनं मी माणसाच्या कमरेला लागेन, जास्त नाही.

कुठून बोलतेय तेही आधीच सांगते, कारण वेळ थोडा आहे. सांगलीहून पेठ नाक्याकडं जाताना आष्टा मागं पडलं की एक लहानसा पूल लागतो. त्याच्या अलीकडच्या चढावर, दुभाजकाला लागून, मी बंद पडून उभी आहे. दिवे गेलेत. हॉर्न गेलाय. पाऊस पडतोय, दिवेलागण झालीय, आणि माझ्या पोटात दोन माणसं आहेत. त्यातल्या एकाला उठता येत नाही.

मी जन्मले समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात. ज्यांनी मला घडवलं त्यांना पाऊस माहीत होता. टपावर पडलेलं पाणी निघून जावं म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही सीटांमागे एकेक बारीक भोक ठेवलं, करंगळीही जाणार नाही एवढं. पाणी तिथून नळीत, नळीतून खाली रस्त्यावर. त्या भोकांच्या शेजारीच, तळाशी, माझा मेंदू आहे. काळ्या डबीत बंद, तारांनी वेढलेला. भोकं मोकळी तर मेंदू कोरडा. इतकं सोपं होतं ते.

पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला आणलं. ते मला महिन्यातून एकदा बाहेर काढायचे आणि उरलेले दिवस कापडाखाली झाकून ठेवायचे. कंटाळवाणे दिवस होते, पण भीतीचे नव्हते. मग डॉक्टरांची पाठ दुखू लागली, आणि मी जतला गेले.

जतला भाऊसोंचा मंडपाचा धंदा होता. त्यांनी मला वरातीसाठी घेतलं. "घोडं बुजतंय, गाडी बुजत न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. त्यांना काय ठाऊक, मी घोड्याहून जास्त बुजायचे. कानाशी बँड, चाकांपुढं फटाके, आणि सीटवर बूट घालून उभा नवरदेव, पुढची काच धरून. लोक दोन्ही बाजूंनी अक्षता टाकायचे. तिकडं तांदळाच्या नव्हे, ज्वारीच्या; कुंकवात रंगवलेल्या. शिवाय झेंडूच्या पाकळ्या, चमकीचे कागद. माणसाच्या डोक्यावर पडलेली अक्षता माणूस झटकतो. माझ्यात पडलेली माझ्यातच राहिली. चार लग्नसराया मी अशा अंगावर घेतल्या, आणि दाणा दाणा जाऊन त्या दोन भोकांत बसला.

मग एका वळवाच्या पावसात, भाऊसो एकटेच परतत असताना, माझ्या डोळ्यांपुढं अंधार झाला. दिवे, इंजिन, सगळं एकदम गेलं. सरळ, मोकळा रस्ता होता म्हणून निभावलं. दोन दिवस उन्हात उभी राहिले आणि आपोआप सुरू झाले. भाऊसोंच्या बायकोनं, बनाबाईंनी, मीठमोहऱ्या उतरून टाकल्या आणि माझ्या बंपरला काळी बाहुली बांधली. सीटमागं वाकून कुणी पाहिलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा भाऊसोंनी मला विकलं.

सांगलीत, माधवनगर रस्त्याला पप्पूचा जुन्या गाड्यांचा बाजार आहे. पप्पू वाईट माणूस नव्हे. गाड्यांशी तो गुरांशी बोलावं तसं बोलतो. भाऊसोंनी त्याला खरं ते सांगितलं होतं: "पावसात झटका खातीय, बघ." पप्पू म्हणाला, "पावसात माणूस बी झटका खातंय." आणि तिथंच तो विषय संपला. अख्खा पावसाळा मी त्याच्या आवारात उभी राहिले. तळाशी पाणी साठत गेलं. माझ्या आत ओल धरली. आणि नवरात्रात तो कोंब आला.

आज खंडेनवमी. सांगलीत आज प्रत्येक वाहन न्हाऊन निघतं. पप्पूनंही सकाळीच पाइप लावून सगळ्या गाड्या धुतल्या. माझा टप उघडा आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा निम्मं पाणी आत गेलं होतं. त्यानं वरवर फडकं मारलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली.

दुपारी तीनच्या सुमारास ती दोघं आली. लालासाहेब, कराडजवळ मलकापूरला राहणारे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ताठ माणूस, पण उजव्या गुडघ्यात सळई. आणि त्यांची नात क्रांती, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली, आता तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणारी. मला घेणार होता क्रांतीचा थोरला भाऊ वीरधवल. तो सीमेवर. फोनवर माझे फोटो पाहून त्यानं पप्पूशी ठरवून टाकलं होतं. उद्या दसऱ्याला तो सुट्टीवर येणार, आणि कराड स्टेशनबाहेर मी त्याच्यासमोर उभी असायला हवी, एवढीच त्याची इच्छा. मला न्यायचं काम क्रांतीवर होतं.

लालासाहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"एवढीच?" ते म्हणाले. "बाकीची कुठाय?"

"आबा, एवढीच असतीय. दोघांची गाडी."

"आमच्या घरात आठ माणसं हायती. बाकीच्यांनी काय मागनं पळत यायचं?"

पप्पू हसला. क्रांती हसली नाही. ती माझ्या दाराशी वाकली होती. मागं कुणीतरी डबा आपटला तशी ती केवढ्यानं तरी दचकली, आणि मला वाटलं, ही माझ्या जातीची आहे.

तिनं गालिच्यावर बोट दाबलं. बोट ओलं झालं. तिनं ते नाकाशी नेलं.

"आजच धुतलीय ताई," पप्पू म्हणाला.

"वास आजचा नाही," ती हळूच म्हणाली. "मुरलेला आहे."

मग तिनं सीट पुढं सरकवली आणि तिला तो कोंब दिसला. एक नव्हे, आता चार होते. पप्पूचा चेहरा पडला. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय तोवर लालासाहेब खाली वाकले, काठीवर भार देऊन, फार वेळ बघत राहिले.

"ज्वारी हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कुणी हात लावू नका."

त्यांनी पायांतल्या चपला काढल्या.

"आज नवमी. घरोघरचे घट आज उठायचे. आणि हिच्यात बघा. कुणी पेरलं न्हाई, कुणी पाणी घातलं न्हाई, आन् घटासारखंच धान उगवलंय. पिवळं, सरळ. आई आधीच येऊन बसलीय हिच्यात."

बुडत्या पप्पूला काडीचा आधार मिळाला. "तेच म्हणतोय आबा. मी मुद्दामच काढलं न्हवतं."

"आबा," क्रांती म्हणाली, "कोंब पिवळा आहे कारण तिथं उजेड नाही. आणि उगवलाय कारण तिथं पाणी साठून राहिलंय. गाडीच्या आत, तळाशी. तिथं वायरी असतात."

"मग घटात काय असतं? पाणीच की."

"घट रस्त्यावर पळवत नाहीत ना आबा."

"ताई," पप्पू म्हणाला, "देवीनं कौल दिला, तिथं तुमी सायन्स कशाला काढताय?"

लालासाहेब पप्पूला सांगू लागले, जसं काही ती तिथं नव्हतीच, "मिक्सर लावला तरी कान झाकती. पाल चुकचुकली तर दोन दिस पेपरला जायची न्हाई. हिच्या भिण्यावर घर चाललं असतं, तर आमी अजून बैलगाडीत असतो."

क्रांतीचे कान लाल झाले. मी ते पाहिलं, आणि तुम्हालाही सांगते: जो माणूस उगीच घाबरतो असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं, त्याची खरी भीती कुणी ऐकत नाही. हळूहळू तो स्वतःसुद्धा ऐकत नाही.

तरी तिनं एक केलं. माझ्या पुढच्या कप्प्यात एक जुनं कार्ड राहिलं होतं: भाऊसो मंडप डेकोरेटर्स, जत. तिनं तो नंबर लावला. बाजूला जाऊन, पाठ फिरवून. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मला ओरडायचं होतं. पण माझा हॉर्न माझ्या हाती नाही, तो तुमच्या हाती असतो. माझ्याकडं एकच भाषा होती. मी आतली ओल वर ढकलली आणि काचा धुरकट केल्या, आतून. क्रांतीनं त्या ओढणीनं पुसल्या. मी पुन्हा केल्या. ती थांबली. तिचा हात काचेवरच राहिला. तिला कळलं होतं, याची मी शपथ घेईन.

"चल पोरी," लालासाहेब म्हणाले, "ऊन हाय तवर निघू."

त्यांनी एक कोंब अलगद उपटला आणि टोपीत खोवला, उद्या दसऱ्याला सगळे खोवतात तसा. पप्पू आणि शेजारचा चहावाला, दोघांनी काखेत हात घालून त्यांना माझ्या डाव्या सीटवर उतरवलं. गुडघा वाकेना. शेवटी पाय आधी आणि आबा नंतर, असं करावं लागलं.

"बसवायला दोघं लागली," लालासाहेब म्हणाले. "उठवायला पलटण बोलवावी लागंल."

सगळे हसले. क्रांतीनं तेवढं वाक्य मनात ठेवलं. स्टिअरिंगवरच्या तिच्या पकडीतून मला ते समजलं.

ती गाडी चांगली चालवते. जपून, आरसे बघत, खड्ड्याला श्वास रोखून. सांगलीचा पूल ओलांडला. लालासाहेब खुशीत होते. टप उघडा, टोपीत धान, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतायत. घरून चंद्राबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "औक्षणाचं ताट करून ठेव," त्यांनी सांगितलं. "लक्ष्मीला घिऊन येतोय."

वाटेत एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. त्यांना उतरवता येईना म्हणून चहाच गाडीत आला. गप्पा लांबल्या. निघालो तोवर पश्चिमेला ढग चढले होते.

आष्टा गेलं. रस्त्याच्या डाव्या हाताला सोयाबीन काढलेल्या रानात मेंढरांचा मोठा कळप बसवला होता. दोन-तीन माणसं कापडाचं पाल ताणत होती.

"जतकडची मेंढरं," लालासाहेब म्हणाले. "औंदा लवकर उतरली."

आणि पहिला थेंब माझ्या पुढच्या काचेवर पडला.

क्रांतीनं कडेला थांबून टप ओढला, दोन्ही खिट्या लावल्या. पाऊस वाढला. टपावरचं पाणी मागं वाहिलं, भोकांपाशी आलं आणि तिथंच थांबलं. ज्वारी फुगली होती. पाणी गालिच्याखाली उतरलं. सकाळचं पाणी तिथं होतंच. ते हळूहळू चढत माझ्या काळ्या डबीच्या कडेला लागलं. थंड. तुमच्या मानेवर कुणी ओला हात ठेवलाय आणि मागं वळून बघता येत नाही, तसं.

समोरचा एक दिवा लुकलुकला.

"आबा, हे बघा."

"व्हईल नीट. गाडी नवीन हाताला आली की असं करती."

"मी कडेला घेते."

"पुढं ट्रक हाय. त्याला टाक मागं, मग घे."

तिनं ऐकलं. उजवीकडून ट्रकच्या पुढं काढलं, आणि ती परत डावीकडं वळणार तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं अंधार झाला.

इंजिन गेलं. दिवे गेले. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. चढ होता. वेग दहा पावलांत संपला. मागं टाकलेला ट्रक डावीकडून हॉर्न देत, आमच्यावर पाण्याची भिंत उडवत निघून गेला. क्रांतीनं हँडब्रेक ओढला.

किल्ली फिरवली. माझ्यातून फक्त 'टक्' असा आवाज आला. पुन्हा टक्. मी जीव खाऊन प्रयत्न केला, खरंच केला.

मागून दिवे आले. एक मोटार शेवटच्या क्षणी वळली. तिच्या आरशाची हवा माझ्या दाराला लागली. दुसरी आली. तिसरी. अंधारात, पावसात, कमरेएवढी, गडद निळी, बिनदिव्याची. मी त्यांना दिसणार तरी कशी?

क्रांती खाली उतरली. आबांच्या बाजूला येऊन दार उघडलं, काखेत हात घातले, ओढलं. सहा फुटी माणूस आणि गुडघ्यात सळई. ते वीतभर उचलले गेले आणि परत बसले. पुन्हा. ते कळवळले. तिनं मला मागून ढकलून पाहिलं. मी बोटभर पुढं गेले आणि चढावरून तिच्याच अंगावर परत आले.

ती आत येऊन बसली. ओलीचिंब. फोन काढला. वीरधवलचा फोन क्षेत्राबाहेर. पप्पूचा वाजत राहिला. तातडीच्या नंबरला लागला, "हॅलो" एवढं ऐकू आलं, आणि रेंजची एकुलती एक काडी गेली. काडी परत आली तेव्हा तिनं भाऊसोंचा नंबर लावला. का लावला, तिलाच माहीत. वाजत राहिला.

"क्रांती," लालासाहेब म्हणाले. "उतर. रस्ता बघून पलीकडं जा. रानात उभी ऱ्हा."

"तुम्ही?"

"मी हाय की. मोठी गाडी आली तर तिच्या डायव्हरला वळता येतंय. दोघं कशाला?"

"नाही."

"हा हुकूम हाय."

"मी फौजेत नाही, आबा."

मग त्यांनी टोपी काढली, त्यातला कोंब बोटांत धरला आणि बराच वेळ बघितला.

"ह्यो घट न्हवं," ते म्हणाले. "तू सांगत हुतीस. मला कळाय पायजे हुतं. तू भितीस, पर खोटं बोलत न्हाईस."

मागं दूर, दोन उंच दिवे दिसले. मोठा ट्रक. अजून लांब, पण ह्याच पट्टीत.

माझं एक मागणं आहे. ते आत्ताच सांगते, नंतर सांगायला मी असेन-नसेन. जुनी गाडी घ्याल तेव्हा तिचा रंग बघू नका, तिच्या सीटमागं हात घाला. हार घाला, पण खाली पडलेलं वेचून काढा. आणि तुमच्या घरात एखादी दचकणारी मुलगी असेल, तर ती कशाला दचकली ते एकदा तरी वाकून बघा. माझं काय, मी पत्रा आहे.

क्रांतीनं मागच्या दिव्यांकडं पाहिलं. मग डावीकडं, रानाकडं, जिथं मेंढरांचा आणखी एक तळ होता आणि पालाखाली एक मिणमिणता उजेड. तिनं तोंड उघडलं. आवाज निघाला तो घशातच विरला. जन्मभर तिला कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि टपाखालून तो जाणार तरी किती?

तिचे हात वर गेले. एक खिटी. दुसरी खिटी. तिनं सगळ्या ताकदीनं माझा टप मागं लोटला.

पाऊस सरळ आत कोसळला, सीटांवर, गालिच्यावर, माझ्या काळ्या डबीवर. पडू दे, मी म्हटलं. आता पडू दे.

क्रांती सीटवर चढली. जिथं चार वर्षं नवरदेव उभे राहिले, तिथं, पुढची काच एका हातानं धरून, ताठ. दुसऱ्या हातात तिची पिवळी ओढणी होती, ती तिनं डोक्यावर फिरवली. आता मी कमरेएवढी नव्हते. आता मी ट्रकच्या दिव्यांएवढी उंच होते.

"ओऽऽ पाव्हणं," ती ओरडली. आवाज फाटला. तिनं पुन्हा श्वास घेतला. "ओऽऽ मेंढरंवालंऽऽ, गाडी अडकलीय, माणूस हाय आत, याऽऽ."

शहरात शिकलेली तिची भाषा कुठल्या कुठं गेली होती. लालासाहेब खालून मान वर करून तिच्याकडं बघत होते. त्यांनी तिचा पाय घट्ट धरला होता, ती पडू नये म्हणून.

रानात काही हललं नाही. मागचे दिवे मोठे झाले.

"याऽऽऽ," ती ओरडली. सगळ्या रस्त्यावर तोच एक आवाज होता. ज्या हॉर्नसाठी मी दिवसभर तळमळले, तो हाच.

आधी कुत्रं भुंकलं. मग पालाखालचा उजेड उचलला गेला, हलू लागला, बांधावरून पळत खाली येऊ लागला, एक, आणि त्याच्या मागं आणखी एक. आणि पावसातून, स्पष्ट, एका बाईचा भक्कम आवाज आला:

"व्हऽऽय गं बाय, आलूऽ. आरं धुळा, पळ, ट्रकाला बॅटरी दाव. आलू, आलूऽऽ."